बापाच्या धाकानं वेड लागतं का?

एका वाचकांनी विचारलेल्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. 'शाइन' हा चित्रपट पाहून त्यांची खात्री झाली की डेव्हिड हेल्फगॉट या पियानोवादकाला त्याच्या हेकेखोर बापानंच वेडं केलं. हे खरं मानायचं का, हा पहिला भाग. दुसरा भाग अगदी शेवटी, जाता जाता विचारल्यासारखा आला आहे: नात्यातला १९ वर्षांचा एक मुलगा व्हायोलिन फार सुंदर वाजवतो, त्याचे वडीलही तसेच कडक आहेत आणि गेले काही महिने मुलगा विचित्र वागतोय. मला वाटतं, खरा प्रश्न दुसराच आहे. पण पहिल्याचा निकाल लावल्याशिवाय त्याला हात घालता येत नाही, कारण घरातले सगळे एकमेकांकडे बोट दाखवण्यात गुंतले की मुलाकडे बघायचं राहून जातं.

पहिल्याचं उत्तर आधी थोडक्यात देतो. नुसत्या धाकानं सायकोसिस, म्हणजे वास्तवाशी नातं तुटून भास-भ्रम होण्याचा आजार, होत नाही. पण तो आजार झालाच, तर तो किती उशिरा लक्षात येणार, त्यातल्या भासांना आणि संशयांना कोणाचा चेहरा मिळणार आणि बरा झालेला माणूस पुन्हा किती वेळा आजारी पडणार, यात घरातल्या धाकाचा मोठा वाटा असतो.

हेल्फगॉटचा जन्म १९४७ चा, मेलबर्नचा. वडील पीटर हे पोलंडहून ऑस्ट्रेलियात आलेले ज्यू. मागे राहिलेले त्यांचे नातेवाईक नाझी हत्याकांडात बळी पडले. मुलाला पियानोवर बसवलं ते वडिलांनीच. पोरवयात परदेशी शिकायला जायची संधी आली तेव्हा त्यांनी ती नाकारली. पुढे १९६६ मध्ये, १९ व्या वर्षी, डेव्हिड लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये गेला आणि सिरिल स्मिथ यांच्याकडे शिकला. १९७० मध्ये पर्थला परतला तो आजार घेऊनच. त्यानंतरची कितीतरी वर्षं मनोरुग्णालयांच्या फेऱ्यांत गेली. १९८४ च्या सुमारास पर्थमधल्या एका वाइन बारमध्ये तो पुन्हा लोकांसमोर वाजवू लागला, त्याच वर्षी जिलियनशी त्याचं लग्न झालं, आणि १९९६ च्या चित्रपटानं त्याचं नाव जगभर पोचवलं. त्याची भूमिका करणाऱ्या जेफ्री रशला ऑस्कर मिळालं. चित्रपटातला बाप मात्र त्याच्या बहिणीला, मार्गरेटला, मुळीच पटला नाही. आपले वडील असे नव्हतेच, हे सांगायला तिनं १९९८ मध्ये आख्खं पुस्तक लिहिलं. या भांडणात कोण खरं, ते मी ठरवणार नाही. निदानासाठी ते ठरवायची गरजही नाही.

त्याच्या आजाराचं नाव स्किझोअफेक्टिव्ह डिसऑर्डर असं सांगितलं जातं. जेकब कॅसॅनिन यांनी हे नाव १९३३ मध्ये वापरलं. यात दोन गोष्टी एकत्र येतात. एकीकडे मूडचे मोठे चढउतार: आठवडेच्या आठवडे उदासी, किंवा अतिउत्साह, बडबड, झोपेची गरजच न वाटणं. दुसरीकडे सायकोसिस: नसलेले आवाज ऐकू येणं, लोक आपल्यावर पाळत ठेवतात अशी पक्की खात्री, बोलण्याचे धागे तुटणं. मूड ठीक असतानाही किमान दोन आठवडे भास किंवा भ्रम टिकले, तर आम्ही हे निदान करतो. म्हणजे पहिल्या भेटीत ते होत नाही. बरेच दिवस पेशंट पाहावा लागतो. पहिल्याच दिवशी ठामपणे हे लेबल लावणाऱ्याकडे मी जरा संशयानंच बघतो.

चित्रपटात तो रशियन संगीतकार रखमानिनोव्ह यांचा तिसरा पियानो कॉन्चेर्टो (पियानो आणि वाद्यवृंदासाठीची रचना) वाजवतो आणि मंचावरच कोसळतो. पडद्यावर हे फार परिणामकारक दिसतं. प्रत्यक्षात हा आजार असा एका रात्रीत, टाळ्यांच्या कडकडाटात येत नाही. त्याआधी काही आठवडे, कधी काही महिने, झोप बिघडलेली असते, माणूस एकलकोंडा झालेला असतो, आंघोळ-कपड्यांकडे दुर्लक्ष असतं. आणि त्या कॉन्चेर्टोनं डोकं फिरतं वगैरे बोललं जातं त्यात काही अर्थ नाही. खुद्द रखमानिनोव्ह १८९७ मध्ये पहिली सिंफनी पडल्यावर नैराश्यात गेले होते. १९०० मध्ये निकोलाय डाल या डॉक्टरांनी त्यांच्यावर उपचार केले, ते पुन्हा लिहू लागले आणि दुसरा कॉन्चेर्टो त्यांनी डॉक्टरांनाच अर्पण केला. तिसरा आला तो १९०९ मध्ये, चांगल्या ठणठणीत माणसाच्या हातून.

मग बापावर आळ येतो कुठून? माझ्या मते त्याचं मोठं कारण वय आहे. हे आजार बहुधा १७-१८ ते पंचविशीच्या दरम्यान डोकं वर काढतात. गुणी वादक मुलं घर सोडून मोठ्या शहरात, मोठ्या गुरूकडे, परदेशी जातात तीही याच वयात. बापाशी कडाक्याचं भांडण होतं तेही याच वयात. भांडण झालं, मुलगा गेला, वर्षा-दोन वर्षांत आजारी पडला: गोष्ट आपोआप जुळते. शिवाय त्या भांडणाच्या वेळी आजाराची सुरुवात झालेलीही असू शकते. सुसंवादी मुलगा अचानक हट्टी, संशयी झाला म्हणून घरात वाद पेटला, असंही असतं. आधी काय आणि नंतर काय, हे वर्षांनी सांगताना सगळेच आपापल्या सोयीनं सांगतात.

आमच्या शास्त्रानंही हा आळ एके काळी फार जोरात घेतला होता, तोही आयांवर. १९४८ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ फ्रीडा फ्रॉम-राइखमन यांनी मुलाला स्किझोफ्रेनिया (दीर्घकाळ चालणारा सायकोसिसचा आजार) 'घडवणाऱ्या' आईची कल्पना मांडली आणि पुढची दोन-तीन दशकं असंख्य आया अपराधी मनानं जगल्या. १९६६ मध्ये लेनर्ड हेस्टन यांचा अभ्यास आला. स्किझोफ्रेनिया असलेल्या आयांची ४७ मुलं जन्मानंतर लगेच आईपासून वेगळी झाली होती, दुसरीकडे वाढली होती. तरीही त्यातल्या ५ जणांना तोच आजार झाला. तुलनेसाठी घेतलेल्या ५० मुलांत एकालाही नाही. आईच्या वागण्याचा प्रश्नच नव्हता, कारण आई जवळ नव्हतीच.

तरी गोष्ट इथे संपत नाही, आणि 'सगळं जनुकांत असतं' म्हणून बापाला निर्दोष सोडणाऱ्यांनीही पुढचं ऐकावं. फिनलंडमध्ये पेक्का तिएनारी आणि सहकाऱ्यांनी दत्तक मुलांचाच वर्षानुवर्षं मागोवा घेतला. ज्यांच्या जन्मदात्या आईला आजार होता, अशी मुलं बिघडलेल्या, तणावाच्या घरात वाढली तर ती जास्त आजारी पडली. शांत घरात वाढली तर धोका बराच कमी राहिला. आणि ज्यांच्या रक्तात आजार नव्हता, त्यांच्यावर तशाच तणावाच्या घराचा या बाबतीत फारसा परिणाम दिसला नाही. याशिवाय मारझोड, लैंगिक अत्याचार, हेळसांड यांसारखं काही बालपणी सोसलेल्यांत सायकोसिसची शक्यता पावणेतीन पटीच्या आसपास वाढते, असं २०१२ मधल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात दिसलं. म्हणून मी 'कडक' आणि 'क्रूर' यांत फरक करतो. रोज सहा तास रियाज करून घेणारा बाप आणि चुकीच्या सुराला कानफटात मारणारा बाप एका मापानं मोजता येत नाहीत.

संगीताच्या इतिहासात याचं एक विलक्षण उदाहरण आहे. जर्मन पियानोवादक क्लारा वीकचे वडील फ्रीडरिख हे नियंत्रणाची कमाल होते. मुलीची रोजनिशी ते स्वतः लिहायचे, तीही 'मी' म्हणून, मुलीच्या तोंडून. नवव्या वर्षी तिला लाइपझिगच्या गेवांडहाउस या सभागृहात मंचावर बसवलं. संगीतकार रॉबर्ट शुमानशी तिचं लग्न होऊ नये म्हणून कोर्टापर्यंत गेले. कोर्टाच्या परवानगीनं लग्न झालं ते १८४० मध्ये, क्लाराच्या २१ व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. आता या जोडप्यात आजारी कोण पडलं? क्लारा नाही. ती १८९१ पर्यंत मंचावर वाजवत होती, घर चालवत होती, मुलं वाढवत होती. आजारी पडला रॉबर्ट, ज्याच्या पुस्तकविक्रेत्या वडिलांनी त्याच्या वाचनाला आणि संगीताला प्रोत्साहनच दिलं होतं. १८५४ मध्ये त्यानं ऱ्हाइन नदीत उडी घेतली आणि १८५६ मध्ये बॉनजवळच्या एंडेनिखच्या मनोरुग्णालयात तो वारला. आजार मूडचा होता की मेंदूत गेलेल्या सिफिलिसचा, यावर अजून वाद आहे. त्यांचा मुलगा लुडविग यालाही १८७० मध्ये, बाविशीत, मनोरुग्णालयात ठेवावं लागलं.

बीच बॉइज या अमेरिकन बँडचा ब्रायन विल्सन घ्या. बाप मरी विल्सन मारकुटा, आणि वर बँडचा मॅनेजरही. पण त्या बापाला मुलगे तीन होते. तिघांनी तेच घर सोसलं, आवाज ऐकू येणारा आजार एकट्या ब्रायनला झाला. त्यात त्यानं घेतलेल्या नशेच्या पदार्थांचाही भाग होता. गांजा आणि एलएसडीबद्दल तरुण वादकांना मी स्पष्ट विचारतो, आई-वडील खोलीबाहेर गेल्यावर.

आता मी म्हटलं तो आजाराला मिळणारा 'चेहरा'. एक मुलगी आठवते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वडील माझ्या सर्वांत जवळच्या खुर्चीत बसले, ती त्यांच्या मागे. झोप कशी लागते, हे मी तिला विचारलं. उत्तर वडिलांनी दिलं. भूक? वडील. तिचा डोळा वडिलांवर, ते बोलून झाले की मान हलायची. मी त्यांना बाहेर थांबायला सांगितलं तेव्हा ते उठले, दाराशी जाऊन परत आले आणि तिच्या वहीतलं स्पर्धांचं वेळापत्रक माझ्यासमोर ठेवून गेले. ती बराच वेळ गप्प. टेबलाच्या कडेवर उजव्या हाताची बोटं वाजवत होती, अंगठा खालून नेत, अगदी नीट. मग म्हणाली, "शेजारचे खाकरतात." कधी? "माझा सूर चुकला की." मग हळूहळू कळलं की बसमधले लोक खाकरायचे, वर्गातले खाकरायचे, आणि हल्ली ती पियानोपासून लांब असतानाही, नुसता चुकीचा विचार मनात आला तरी कुणीतरी खाकरायचं. वडिलांना आत बोलावून विचारलं, रियाजाला तुम्ही चूक कशी दाखवता? ते अभिमानानं म्हणाले, "मी कधी रागावत नाही. फक्त खाकरतो."

खाकरणारं सगळं जग हा आजार होता. खाकरणं मात्र वडिलांचं होतं. वडिलांनी खाकरायचं सोडलं असतं तर ती बरी झाली असती का? नाही. तिला औषधांची गरज होती. पण औषधांनी शेजारी गप्प झाल्यावर घरात पुन्हा तेच सुरू झालं असतं, तर शेजाऱ्यांनाही पुन्हा सुरू व्हायला वेळ लागला नसता.

यावर भक्कम संशोधन आहे. लंडनमध्ये ब्राउन, बर्ली आणि विंग यांनी १९७२ मध्ये, आणि वॉन व लेफ यांनी १९७६ मध्ये दाखवलं, की हॉस्पिटलमधून घरी गेलेल्या पेशंटचा आजार उलटणार का, हे घरातल्या वातावरणावरून बरंचसं सांगता येतं. तीन गोष्टी घातक: सतत टीका, शत्रुत्व, आणि अती गुंतणं. तिसरी लोकांना प्रेम वाटते म्हणून ती नजरेतून सुटते. पेशंट अशा माणसासोबत आठवड्याला ३५ तासांपेक्षा जास्त समोरासमोर असेल तर धोका आणखी वाढतो. आता रियाजाला रोज सहा तास शेजारी बसणारा, ने-आण करणारा, जेवताना कालच्या चुका सांगणारा बाप डोळ्यांसमोर आणा. सोमवारी सुरू केलं तर नुसत्या रियाजाचेच ३५ तास शनिवारी भरतात.

म्हणून उपचारात मी वडिलांना हाकलत नाही, त्यांचे तास कमी करतो. घरात मारझोड असेल तर मात्र आधी मुलाला सुरक्षित जागी हलवणं, बाकी सगळं नंतर. एरवी वडिलांना खलनायक ठरवून काहीच साधत नाही. दुखावलेला बाप मुलाला उपचारांतून काढून नेतो, आणि बऱ्याच घरांत रात्रीची गोळी आठवणीनं देणारा माणूसही तोच असतो. त्याला आजाराची माहिती द्यायची, त्याचा राग आणि त्याची भीती ऐकायची, आणि शिकवण्याचं काम त्याच्याकडून काढून दुसऱ्या शिक्षकाकडे द्यायचं. पहिले काही आठवडे त्याला हातपाय तोडल्यासारखं होतं. मुलासाठी वीस वर्षं दिलेल्या माणसाचं हे दुःख खरं असतं, तेवढं डॉक्टरांनीही समजून घ्यावं.

यात एक सापळा आहे. बाप बाजूला झाला की रिकाम्या खुर्चीत दुसरा कोणीतरी येऊन बसतो: मॅनेजर, जोडीदार, गुरू, कधी खुद्द थेरपिस्ट. ब्रायन विल्सनच्या बाबतीत युजीन लँडी हा मानसशास्त्रज्ञ चोवीस तास त्याच्या आयुष्याचा ताबा घेऊन बसला, त्याच्या गाण्यांच्या श्रेयातही शिरला. १९८९ मध्ये त्याला आपला परवाना सोडावा लागला आणि १९९२ मध्ये कोर्टानं त्याला ब्रायनपासून दूर राहायला लावलं. पेशंटला कोणाला भेटायचं, पैसे कुठे ठेवायचे, काय वाजवायचं हे सगळं एकच माणूस ठरवत असेल, तर तो कितीही प्रेमळ असो, मला ते चालत नाही.

औषधांबद्दल वादकांसाठी थोडं वेगळं सांगावं लागतं. अँटिसायकॉटिक, म्हणजे भास-भ्रम कमी करणारी, औषधं लागतातच, जोडीला मूड स्थिर ठेवणारं लिथियम किंवा व्हॅल्प्रोएट लागू शकतं. लिथियम आणि व्हॅल्प्रोएट दोन्हींनी हाताला बारीक कंप येऊ शकतो. इतरांना तो जाणवतही नाही, व्हायोलिनवादकाच्या गजाला लगेच जाणवतो. तो डोस बदलून, रक्तातली पातळी तपासून किंवा जोडीला दुसरं औषध देऊन बहुतेकदा आटोक्यात येतो. पण डॉक्टरांना पेशंट वादक आहे हेच माहीत नसेल तर ते काय करणार? काही अँटिसायकॉटिकनी बोटं आखडतात. काहींनी एक विचित्र अस्वस्थता येते: पाय स्वस्थ राहत नाहीत, बाकावर पाच मिनिटं बसवत नाही, माणूस येरझारा घालतो. घरच्यांना वाटतं आजार वाढला, मग डोस वाढवला जातो आणि अस्वस्थताही वाढते. हा औषधाचा परिणाम आहे हे ओळखलं तर उपाय सोपा आहे. लक्षात आलं नाही तर पेशंट गोळ्या परस्पर बंद करतो, आणि आजार उलटायचं हे एक नेहमीचं कारण आहे.

झटका ओसरल्यावर काही महिने मुलगा सुस्त, निर्विकार दिसतो. स्वरलिपी वाचताना अडतो, पाठ असलेलं मध्येच विसरतो. हा आजाराचाच उरलेला भाग आहे. नेमका हाच काळ कडक पालकांना आळस वाटतो, आणि नेमक्या याच काळात टीकेनं सर्वांत जास्त नुकसान होतं.

आता तुमच्या नात्यातल्या मुलाबद्दल. 'विचित्र' म्हणजे काय, ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून दोन्ही शक्यता सांगतो. तो थकलाय, रडतो, मंचाची धास्ती घेतो, व्हायोलिनकडे बघवत नाही म्हणतो, पण तुमच्याशी बोलताना त्याचं जग आणि तुमचं जग एकच आहे, असं असेल तर हे बहुधा नैराश्य, चिंता किंवा नुसता वीट आलेला असणं. धाकात वाढलेल्या गुणी मुलांत हेच जास्त दिसतं. अमेरिकन पियानोवादक रूथ स्लेंचिन्स्का हिला वडिलांनी कोवळ्या वयापासून रोज नऊ-नऊ तास बसवलं, मारलं. १५ व्या वर्षी तिनं मंच सोडला. ती पुढे स्वतःच्या मर्जीनं परत आली आणि २०२२ मध्ये, ९७ व्या वर्षी, तिचं नवं ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झालं. तिला सायकोसिस झालेला नव्हता.

पण तो रात्र-रात्र जागा असेल, कोणी नसताना उत्तरं देत असेल, स्वरलिपीत किंवा रेडिओवर आपल्यासाठी गुप्त निरोप आहेत म्हणत असेल, चारच मात्रा तासन्तास वाजवून 'नाहीतर काहीतरी होईल' म्हणत असेल, तर या आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. यातलं शेवटचं ओसीडीतही (नको ते विचार येऊन तीच कृती पुन्हा पुन्हा करण्याच्या आजारातही) दिसतं, तो फरक डॉक्टर करतील. सायकोसिस उपचारांशिवाय जितका लांबतो तितकं बरं होणं अवघड होतं. 'एवढी स्पर्धा होऊ दे, मग बघू' हे वाक्य मी इतक्या घरांतून ऐकलंय की ते ऐकलं की पहिला प्रश्न स्पर्धा कधी आहे हाच विचारतो. मरणाचे विचार येतात का, हे त्याला तुम्हीच सरळ विचारा. विचारल्यानं ते विचार डोक्यात शिरत नाहीत. तो हो म्हणाला, किंवा आवाज त्याला काही करायला सांगत असतील, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा आणि तोवर त्याला एकटं सोडू नका.

त्याच्याशी भांडून भ्रम खोडायला जाऊ नका आणि होकारही देऊ नका. "तुला झोप लागत नाही, त्यासाठी जाऊ" एवढं पुरतं. वडिलांना हे त्याच्यासमोर सांगू नका. त्यांना वेगळं गाठा, आणि 'तुमच्यामुळे झालं' हे वाक्य तोंडून निघू देऊ नका. पहिल्या भेटीला दोन गोष्टी लिहून न्या: वागणं कधीपासून बदललं, आणि दोन्हीकडच्या कुटुंबांत आधी कोणाला मानसिक आजार होता का. दुसऱ्या गोष्टीवर घरात कुजबुज होते, ती तिथे उघड सांगावी लागते.

तो पुन्हा वाजवेल का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण वडील विचारतीलच. उपचारांनंतर बरेच जण वाजवतात. हेल्फगॉटनंही त्यानंतर अनेक दशकं कार्यक्रम केले. १९९७ च्या दौऱ्यात समीक्षकांनी त्याला झोडपलं आणि सभागृहं मात्र भरलेली होती. मुलाला हे लागू होईल की नाही, ते आत्ता कोणीच सांगू शकणार नाही. व्हायोलिन कपाटात कुलूपबंद करू नका, त्याला वाटेल तेव्हा, वाटेल तेवढं वाजवू द्या, शेजारी कोणी बसू नका. पुढच्या कार्यक्रमाची तारीख मात्र डॉक्टरांशी बोलल्याशिवाय आयोजकांना कळवू नका, आणि आधीच कळवली असेल तर ती आजच रद्द करा.